मागच्या सस्पेन्शनच्या मुख्य पिव्हटची सदोष रचना आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

पुणे, दि. १४ ऑक्टोबर २०२४

विषय : फुल-सस्पेन्शन माउंटन बाइकच्या फ्रेममधील मुख्य पिव्हटची बैठक झिजल्याबाबत आणि त्याचा वॉरंटी-दावा नाकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून पुण्यात घेतलेल्या माझ्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या बाइकचा वॉरंटी-दावा आपण दोन वाक्यांत निकाली काढला आहे. पिव्हटमधील (म्हणजे मागचे सस्पेन्शन ज्या सांध्यावर हलते त्यातील) बेअरिंग ही झिजणारी वस्तू असल्याने ती वॉरंटीत येत नाही, हे पहिले वाक्य. फ्रेमचे नुकसान देखभालीच्या अभावामुळे आणि पाण्याच्या संपर्कामुळे झाले असल्याने तेही येत नाही, हे दुसरे. पहिल्या वाक्याबद्दल माझी काहीच हरकत नाही. काही शे रुपयांचे बेअरिंग मी स्वखर्चाने बदलेन, आणि भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला बेअरिंग मिळवणे अवघडही नाही. दुसरे वाक्य मात्र वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्यावरच मी आपल्याकडून लेखी, तांत्रिक उत्तर मागत आहे.

प्रथम बाइकची स्थिती नमूद करतो. चढावर पेडल मारताना बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा अक्ष जिथे फिरतो त्या जागेच्या) आसपास करकर येऊ लागली आणि मागचे चाक धरून आडवे हलवले असता स्पष्ट ढिलेपणा जाणवू लागला, म्हणून बाइक आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. तेथे माझ्यासमोर मागचा त्रिकोण, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग, सोडवण्यात आला. चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चक्राच्या) मागे असलेले, म्हणजे उजव्या बाजूचे बेअरिंग गंजून पूर्ण जाम झाले होते. डाव्या बाजूचे फिरत होते, पण अडखळत. मुख्य पिव्हटच्या ॲल्युमिनियम अक्षावरचा ॲनोडायझिंगचा थर उजव्या टोकाला निघून गेला होता. सर्वांत गंभीर बाब म्हणजे फ्रेममधील ज्या बैठकीत हे बेअरिंग दाबून बसवलेले असते ती लंबगोल झाली होती. नवे बेअरिंग तेथे प्रेसशिवाय, नुसत्या अंगठ्याच्या दाबाने आत सरकते. आपल्याच मेकॅनिकने जॉब कार्डावर ‘बैठक सैल, फ्रेम बदलणे आवश्यक’ असे लिहून दिले आहे. त्या जॉब कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.

बैठक झिजण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बेअरिंग जाम झाले तरी सस्पेन्शन हलायचे थांबत नाही. बेअरिंगमधल्या गोळ्यांनी जी हालचाल सामावून घ्यायची ती मग जिथे बसवणी सर्वांत सैल असेल तिथे होऊ लागते : अक्ष बेअरिंगच्या आतल्या कड्यात घासतो किंवा बाहेरचे कडे फ्रेमच्या बैठकीत घासते. कडे कठीण पोलादाचे आणि बैठक त्याच्या मानाने मऊ ॲल्युमिनियमची असल्यामुळे झीज कुणाची होणार हे ठरलेलेच आहे. माझ्या बाइकमध्ये या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. म्हणजे जी वस्तू आपण ‘झिजणारी’ म्हणून वॉरंटीतून वगळता, तीच वेळेत न बदलल्यास वॉरंटीत असलेली फ्रेम निकामी करते. अशा रचनेत ते बेअरिंग केव्हा तपासायचे आणि केव्हा बदलायचे हे सांगण्याची जबाबदारी रचना करणाऱ्यावरच येते.

येथे पिव्हटच्या बेअरिंगचे काम चाकाच्या बेअरिंगपेक्षा किती वेगळे आहे हे मांडणे भाग आहे, कारण आपल्या उत्तरात दोन्ही एकाच मापाने मोजली आहेत. माझ्या बाइकची चेनस्टे (पेडलच्या अक्षापासून मागच्या चाकाच्या अक्षापर्यंतची लांबी) सुमारे ४३५ मिमी आणि मागचा ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल) १५० मिमी आहे. यावरून ढोबळ हिशेब केला, तर चाक तळापासून पूर्ण वर गेले तरी मुख्य पिव्हट जेमतेम वीस अंश फिरतो. नेहमीच्या वापरात तो त्याच्याही लहानशा भागाइतकाच हलतो. बाहेरचे कडे स्थिर असताना गोळ्यांचा संच आतल्या कड्याच्या निम्म्याहून कमी पुढे सरकतो, त्यामुळे प्रत्येक गोळी आपल्या जागेभोवतीच मागे-पुढे होत राहते आणि शेजारच्या गोळीच्या जागेपर्यंत पोचतच नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस सतत फिरून पुन्हा स्पर्शाच्या जागी येते. पिव्हटमध्ये ते एकदा बाजूला दाबले गेले की परत येत नाही. स्पर्शबिंदूंवर धातूला धातू लागतो आणि कड्यावर ठरावीक अंतराने खळगे पडू लागतात. पाण्याचा थेंबही न लागता हे घडू शकते. पाणी आले की गंज त्याचा वेग वाढवतो, एवढेच.

हे उद्योगाला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. म्हणूनच पिव्हटसाठी पिंजरा (गोळ्यांना एकमेकींपासून अंतरावर धरणारे कडे) नसलेली, गोळ्यांनी पूर्ण भरलेली बेअरिंग वेगळी बनवली जातात, जी कमी फिरतात पण जास्त भार पेलतात, आणि त्यांत ग्रीसही जवळजवळ काठोकाठ भरता येते. माझ्या बाइकमधून निघालेली दोन्ही बेअरिंग साधी, पिंजऱ्याची, ६९०२-२आरएस मापाची आहेत. वेगाने फिरणाऱ्या यंत्रासाठी बनवलेल्या अशा बेअरिंगमध्ये कारखान्यात साधारण एक-तृतीयांश पोकळी भरेल इतकेच ग्रीस घालतात, आणि त्या कामासाठी ते योग्यही आहे. मुख्य पिव्हटच्या ठिकाणी ती बसवण्याचा निर्णय मात्र आपला आहे, माझा नाही.

त्यात भर बैठकीच्या जागेची. उजवे बेअरिंग चेनरिंगच्या लगेच मागे, टायरने उडवलेला चिखल जिथे थेट येऊन आदळतो अशा कोनाड्यात आहे. बॉटम ब्रॅकेटच्या वरच्या या खोबणीत चिखल साठतो, आणि तो खाली निघून जायला एकही छिद्र ठेवलेले नाही. केबलच्या छिद्रांतून फ्रेममध्ये शिरलेले पाणीही उतरत याच भागात येते. बेअरिंगवर त्याच्या स्वतःच्या रबरी सीलखेरीज दुसरे कुठलेही आवरण नाही. बाहेरून ओठ असलेली टोपी किंवा ओ-रिंग देणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. अनेक उत्पादक ती देतात. ‘पाण्याचा संपर्क’ हे कारण पुढे करण्याआधी पाण्याला वाट कुणी करून दिली याचा विचार व्हायला हवा होता.

पाण्याबद्दल आणखी एक. ही बाइक आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहरात विकता, जिथे जून ते सप्टेंबर पाऊस असतो, मुळशी-ताम्हिणीकडचे रस्ते त्या काळात चिखलाने भरलेले असतात आणि माउंटन बाइक घेणारे बहुतेक जण त्याच दिवसांची वाट पाहतात. आपल्या जाहिरातीतली बाइकही डबक्यातून पाणी उडवत जाताना दाखवली आहे. पावसात चालवल्यामुळे हक्क जातो अशी अट असेल, तर ती विक्रीच्या वेळी, ठळकपणे सांगायला हवी होती. शिवाय आपल्या सर्व्हिस सेंटरने प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ही बाइक प्रेशर वॉशरने धुतली आहे. त्याचे शुल्क बिलांवर स्वतंत्रपणे लावलेले असून ती बिले सोबत आहेत.

आता देखभालीच्या अभावाकडे येतो. बाइकबरोबर दिलेल्या पुस्तिकेत सस्पेन्शनसाठी ‘अधिकृत विक्रेत्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी’ एवढे एकच वाक्य आहे. किती तासांनी, किती महिन्यांनी, पिव्हटचे कोणते बोल्ट किती न्यूटन-मीटरला घट्ट करायचे, कुठल्या बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावायचे, बेअरिंगची मापे कोणती, यांपैकी काहीही त्यात नाही. शॉक (सस्पेन्शनमधील धक्के शोषणारा भाग) बनवणाऱ्या कंपन्या याबाबत मोघम राहत नाहीत. फॉक्स संपूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे सांगते. रॉकशॉक्स मागच्या शॉकच्या एअर कॅनच्या (हवेच्या कप्प्याच्या) सर्व्हिससाठी ५० तासांचे अंतर देते. सांता क्रूझ ही बाइक कंपनी मूळ मालकाला पिव्हटची बेअरिंग आयुष्यभर मोफत पुरवते. यॉर्कशरच्या चिखलात वाढलेल्या ऑरेंज या कंपनीने तर वर्षानुवर्षे एकाच पिव्हटच्या फ्रेम बनवल्या, ज्यांत बदलायची बेअरिंग मोजकीच. चार दांड्यांच्या, होर्स्ट लिंक पद्धतीच्या (मागच्या चाकाच्या अक्षापुढे आणखी एक सांधा असलेल्या) आपल्या रचनेचे फायदे मला माहीत आहेत आणि त्यासाठीच मी ती निवडली. पण सांधे वाढवले की त्यांच्या निगेची माहितीही वाढवावी लागते.

आपल्या ‘फुल सर्व्हिस’चे पैसे मी वेळोवेळी भरले आहेत. जॉब कार्डांवर गिअर, ब्रेक, चेन आणि हेडसेट यांची नोंद आहे. मुख्य पिव्हट उघडल्याची नोंद एकाही कार्डावर नाही. तेव्हा देखभाल झाली नसेल, तर ती कुणाकडून झाली नाही हे आपल्याच कागदांवरून ठरते.

शॉकचा प्रश्न याला जोडूनच आहे. आपल्या फ्रेममध्ये शॉक थेट लिंकला (सस्पेन्शनच्या हलत्या दांडीला) न जोडता लांब योकमार्फत, म्हणजे काट्यासारख्या जोडतुकड्यामार्फत, जोडला आहे. योक शॉकच्या टोकाला घट्ट बसवलेला असल्याने तो शॉकचीच लांबी वाढवल्यासारखा वागतो, आणि मागचा त्रिकोण जरा जरी पिळला गेला तरी तो आडवा भार शॉकच्या दांड्यावर येतो, जो केवळ सरळ दाबासाठी बनवलेला असतो. मुख्य पिव्हट ढिला झाल्यावर हे पिळणे वाढणारच. माझ्या शॉकच्या दांड्यावर एकाच बाजूला, चालण्याच्या दिशेत, झिजेचा पट्टा पडला आहे. सीलमध्ये धूळ गेली असती तर असे ओरखडे सगळीकडून आले असते. ‘शॉकसाठी शॉकच्या उत्पादकाकडे जावे’ हे आपले उत्तर म्हणूनच मला अपुरे वाटते. २१० बाय ५५ मिमीचा (२१० मिमी लांब, ५५ मिमी दबणारा) शॉक निवडणे, १५० मिमी ट्रॅव्हलसाठी सरासरी २.७ च्या जवळपासचे लिव्हरेज गुणोत्तर (चाकाची हालचाल भागिले शॉकची हालचाल) ठेवणे आणि मध्ये योक घालणे, हे सर्व फ्रेम रचणाऱ्याने ठरवले आहे.

माझ्या मागण्या मर्यादित आहेत. फ्रेमचा पुढचा त्रिकोण वॉरंटीखाली बदलून मिळावा आणि मुख्य पिव्हटचा अक्ष त्याबरोबर नवा द्यावा. शॉकचा दांडा आपल्या खर्चाने दुरुस्त करावा. तो परदेशी पाठवावा लागणार असेल, तर जाण्या-येण्याचा आणि सीमाशुल्काचा खर्च माझ्यावर टाकू नये. या मॉडेलच्या सर्व पिव्हटची बेअरिंग-मापे, टॉर्कचे आकडे आणि तपासणीचे अंतर लेखी द्यावे. ते केवळ मलाच नको, आपल्या संकेतस्थळावर सर्व ग्राहकांसाठी असावे. बदललेल्या फ्रेममध्ये पुन्हा पिंजऱ्याचीच बेअरिंग बसवली जाणार असतील, तर त्यामागचे कारणही कळवावे. मागच्या सर्व्हिसांचे पैसे मी परत मागत नाही, मात्र यापुढे पिव्हट उघडून तपासला की नाही याचा रकाना जॉब कार्डावर असावा.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ खाली पुण्याच्या जिल्हा आयोगापुढे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तेथील आयोगापुढे दावा दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे, त्यामुळे ‘वाद केवळ अमुक शहरातील न्यायालयातच’ ही आपल्या वॉरंटी-पत्रातील ओळ मला अडवू शकत नाही. जुनी बेअरिंग, अक्ष आणि फ्रेम मी जशीच्या तशी जपून ठेवली आहे. आपल्या तांत्रिक प्रतिनिधीला ती पाहायची असल्यास कुठल्याही रविवारी दाखवण्यास मी तयार आहे, मात्र ती माझ्या ताब्यातून बाहेर जाणार नाहीत.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)

सोबत : खरेदीची पावती, सर्व्हिसची बिले व जॉब कार्डांच्या प्रती, झिजलेली बैठक, अक्ष आणि शॉकचा दांडा यांची छायाचित्रे, आपल्या नकाराची प्रत.