मानदुखीतली भीती मोजताना: मित्रास पत्र

सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जुनाट मानदुखीच्या पेशंटसाठी टॅम्पा स्केल (हालचालीची भीती मोजणारी प्रश्नावली) वापरायला घेतलंस, उत्तम केलंस. पण नुसती बेरीज फाइलला लावून ठेवू नकोस. माणूस घाबरलाय एवढंच त्यातून कळतं. नेमक्या कुठल्या हालचालीला घाबरलाय ते कळत नाही, आणि उपचार तर तिथूनच सुरू करायचे असतात.

आधी बेरजेचं. १७ विधानं, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ४ (पूर्ण पटतं) गुण, म्हणजे एकूण १७ ते ६८. ३७ च्या वर भीती जास्त असं धरतात, पण ही रेघ कंबरदुखीच्या पेशंटवरून आली आहे. मानेसाठी अंदाजापुरतीच वापर. खरा घोळ ४, ८, १२ आणि १६ मध्ये होतो. ही चार विधानं उलटी आहेत, पटली तर भीती कमी, म्हणून दिलेलं उत्तर ५ मधून वजा करून मगच बेरजेत धरायचं. ते विसरलं तर घाबरलेल्या माणसाचे १२ पर्यंत गुण गळतात. ४४ वाला ३२ वर येतो आणि ‘भीती नाही’च्या गठ्ठ्यात जाऊन बसतो.

वाचता न येणाऱ्यांना विधानं वाचून दाखवावी लागतात. ‘दुखणं वाढलं म्हणजे धोका असतोच असं नाही’, याला ‘असहमत’ म्हणायचं की ‘सहमत’, यात भलेभले अडखळतात. त्यापेक्षा आधी ‘पटतं की नाही?’ आणि मग ‘थोडं की पूर्ण?’ असं दोन टप्प्यांत विचार. चारही पर्याय आपोआप मिळतात. मात्र ही पद्धत सगळ्यांना आणि दर वेळी तीच ठेव. सोबतच्या माणसाला बाहेर बसव. सासूला विचारलं की सून उत्तर देते, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. आणि फॉर्म मान तपासायच्या आधी भरून घे. तपासताना कळ आली की पुढची उत्तरं त्याच कळेची येतात.

फॉर्मच्या कडेला एक ओळ हाताने लिही: आजवर याला कोणी काय सांगितलंय? ‘मणक्यात गॅप आहे, नस दबलीय, मान वळवू नका, पट्टा काढू नका’ हे ऐकून आलेला माणूस ५० गुण मिळवतो तेव्हा तू निम्मा त्याचा आज्ञाधारकपणा मोजलेला असतोस.

आता हालचालीचं. मानेसाठी कामांचे फोटो दाखवून प्रत्येकाची भीती ० ते १० मध्ये विचारायचं एक स्केलही आहे. त्याच धर्तीवर आपल्याकडची कामं घे: मांडवाखाली मान वर करून द्राक्षाची विरळणी, डोक्यावर वैरणीचा भारा, दुचाकीवरून मागे बघणं. ही यादी पडताळलेली नाही, म्हणून दोन पेशंटची तुलना तिच्यावरून करू नकोस. त्याच माणसाची आधीची आणि नंतरची स्थिती बघायला ती पुरते.

मग एक हालचाल प्रत्यक्ष करून बघ. पाठ टेकून खुर्चीवर बसव, दोन्ही खांदे खुर्चीच्या पाठीला चिकटलेले हवेत, नाहीतर धड वळतं आणि मान वळल्यासारखी वाटते. वळण्याआधी विचार, ‘किती दुखेल?’ वळल्यावर विचार, ‘किती दुखलं?’ अंदाज ८ आणि प्रत्यक्षात ३ आलं, तर मधले ५ तुझ्या कामाचे. हे आकडे त्याच्यासमोर लिही, त्यालाही दिसू देत. बसून ४५ अंशांवर अडकणारी मान उताणं झोपवल्यावर ७० अंश गेली, तर सांधा गच्च नाही. स्नायू आवळून धरलेत. त्यामागे भीतीच आहे असं मात्र एवढ्यावरून ठरवू नकोस, डोक्याचं वजनही तेव्हा उतरलेलं असतं.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आभासी दृश्य दाखवणारा चष्मा लावून मानदुखीच्या २४ जणांना खऱ्यापेक्षा कमी वळल्याचा भास दिला, तेव्हा दुखायच्या आधीचा पल्ला सुमारे ६ टक्के वाढला. जास्त वळल्याचा भास दिला, तेव्हा ७ टक्के घटला. मान तीच, दुखणंही तेच.

रोजंदारीवरच्या बायकांच्या बाबतीत जरा जपून. गुण जास्त असूनही त्या काम सोडत नाहीत, कारण हजेरी बुडते. त्यांची भीती काम टाळण्यात दिसणार नाही. हाक मारून बघ, मान न वळवता अख्खं अंग वळवतील.

हातापायांत कमजोरी, चालताना झोक जाणं, लघवीवर ताबा नसणं, ताप किंवा मार लागल्याचा इतिहास असेल, तर फॉर्म बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे पाठव. ती भीती रास्त असते.

फेरमोजणीला याच स्केलचा ११ विधानांचा छोटा फॉर्म सोपा पडतो, त्यात उलटी विधानंच नाहीत. ११ ते ४४ गुण. किमान ४ ने उतरले तर फरक पडला म्हण, त्याखालचं चढउतार असू शकतं. पण पहिल्या वेळी १७ चा घेतला असशील तर पुढेही तोच घे. कोऱ्या फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे. झेरॉक्स काढताना पाठपोट काढू नकोस, मागची पानं भरायची राहतात.

तुझा,
मित्र