मागे पडलेला जोडीदार काय सांगत होता?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

फॉर्म्युला वनमधील रेड बुल संघाचा वेग ड्रायव्हरमुळे गेला की गाडीमुळे, यावर आपल्या क्रीडा पानावर वाचकांची पत्रे येत आहेत. मॅक्स व्हेरस्टॅपेन त्याच गाडीत जिंकत होता आणि त्याचा जोडीदार पहिल्या दहातही येत नव्हता, त्या अर्थी गाडी उत्तम आणि दुसरा ड्रायव्हर कच्चा, असा बहुतेकांचा सूर दिसला. वाहनांच्या चाचणी विभागात नोकरीची उभी हयात घालवलेल्या मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. घटना कोणत्या क्रमाने घडल्या, हे त्यात पाहिलेच गेलेले नाही.

२०२३ मध्ये या संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये पहिल्या दहापैकी सात शर्यती व्हेरस्टॅपेनने जिंकल्या आणि पुढच्या दहांत त्याला एकही जिंकता आली नाही. आता त्याचा जोडीदार सर्जिओ पेरेझ याच्याकडे पाहू. त्या मोसमातील पहिल्या पाच शर्यतींपैकी चारांत तो पहिल्या तिघांत होता; मे महिन्यापासून मात्र मोसम संपेपर्यंत तो पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, एकदाही चढला नाही. व्हेरस्टॅपेन जूनपर्यंत जिंकतच होता, म्हणून सगळ्यांनी पेरेझला धारेवर धरले. सप्टेंबरच्या आरंभी इटलीतील मॉन्झा येथे खुद्द व्हेरस्टॅपेन सहावा आला आणि त्याने गाडीविषयी उघड नाराजी व्यक्त केली, तेव्हा कुठे विंड टनेलमधील (कृत्रिम वाऱ्याच्या झोतात गाडी तपासण्याच्या बोगद्यातील) आकडे आणि प्रत्यक्ष ट्रॅकवरील आकडे जुळत नसल्याचे संघाने मान्य केले. म्हणजे जे दुखणे अव्वल ड्रायव्हरला सप्टेंबरमध्ये जाणवले, ते दुसऱ्याच्या वेळांत मे महिन्यापासून दिसत होते.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. गाडीची पुढची पकड वाढवली की ती वळणात चटकन घुसते, पण त्याच प्रमाणात मागचा भाग सुटू पाहतो. ज्याचे हात विलक्षण चपळ आहेत, तो ती शेपूट सावरून घेतो आणि वेळ कमावतो. इतरांचा मात्र ब्रेक सोडतानाच विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेला ड्रायव्हर प्रत्येक वळणावर थोडे थोडे गमावत जातो. व्हेरस्टॅपेनचा पूर्वीचा जोडीदार अ‍ॅलेक्स अल्बॉन याने या गाडीच्या सुकाणूची तुलना संवेदनशीलता कमालीची वाढवलेल्या संगणकाच्या माउसशी केली होती. आता अभियंत्यांना दर नव्या भागानंतर सर्वांत जलद वेळ व्हेरस्टॅपेनकडूनच मिळणार आणि पुढचा भाग त्याच दिशेने आखला जाणार, हे ओघाने आलेच. यात कोणाचा दुष्टावा नाही. पण गाडी ज्या मर्यादेत नीट चालते ती मर्यादा अशाने दर महिन्याला अरुंद होत जाते आणि एक दिवस त्या एकट्या माणसालाही पुरत नाही. त्यात विजेत्या संघाला विंड टनेल वापरण्याची मुभा नियमानेच सर्वांत कमी असते, त्यामुळे अशी चूक शोधायला वेळही थोडाच उरतो.

२०२५ मध्ये पेरेझच्या जागी आलेला लियाम लॉसन दुसऱ्याच शर्यतीत, शांघायला, पात्रता फेरीत (शर्यतीच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) शेवटचा आला आणि लगेच रेड बुलच्याच धाकट्या संघात, रेसिंग बुल्समध्ये, परत पाठवला गेला. त्याच लॉसनने त्याच वर्षी धाकट्या संघाच्या गाडीत बाकू येथे पात्रता फेरीत तिसरा क्रमांक मिळवला. सहा महिन्यांत त्याला गाडी चालवायची अक्कल आली, असे कोणी म्हणणार असेल तर माझा नमस्कार. त्याच्या जागी आलेला युकी त्सुनोडाही मागेच राहिला. वर्षाअखेर संघाच्या ४५१ गुणांपैकी ४२१ एकट्या व्हेरस्टॅपेनचे होते.

भारतीय वाचकांना आठवत असेल असे एक जुने उदाहरण मला याहून बोलके वाटते. २००९ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जियानकार्लो फिसिकेलाने आपल्या फोर्स इंडियाची गाडी पात्रता फेरीत सर्वांत पुढे ठेवली आणि शर्यतीत फेरारीच्या किमी रायकोनेनपाठोपाठ, एका सेकंदाहूनही कमी अंतराने, दुसरा क्रमांक पटकावला. लगोलग फेरारीने त्याला उरलेल्या पाच शर्यतींसाठी बोलावून घेतले. जिंकणारी गाडी आणि जिंकता जिंकता राहिलेला ड्रायव्हर एकत्र आले. पाच शर्यतींत गुण किती, तर शून्य. मोसम चालू असताना सराव चाचण्यांना त्या वर्षी बंदी होती, त्यामुळे त्या गाडीच्या खोडी ओळखायला त्याला उसंतच मिळाली नाही. इथे दोष गाडीचा म्हणावा की ड्रायव्हरचा? मला तर दोहोंपैकी एकाचेही नाव घेता येत नाही.

ड्रायव्हरचे मोल मी कमी लेखतो, असा याचा अर्थ कृपया काढू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या पावसात सतराव्या स्थानावरून सुरुवात करून व्हेरस्टॅपेनने जिंकलेली शर्यत गाडीच्या खात्यावर कोणी मांडू नये. ओल्या ट्रॅकवर माणसाचा वाटा वाढतो. पण त्याच्या याच कौशल्याने संघाची चूक कित्येक महिने झाकून ठेवली, हेही तितकेच खरे.

आमच्या कंपनीत एका नव्या व्हॅनच्या चाचण्या कात्रजच्या जुन्या घाटात चालत. आमचा सर्वांत अनुभवी ड्रायव्हर घाट उतरून आला की ‘काही नाही साहेब, गाडी झकास’ एवढेच सांगे. नवशिक्या मुलाने मात्र वळणात मागून गाडी ढकलल्यासारखी वाटते, असे दोनदा लिहून दिले आणि दोन्ही वेळा आम्ही त्याला हात बसला नाही म्हणून हसलो. पुढे ग्राहकांकडून तीच तक्रार आली आणि मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलावे लागले. जुना ड्रायव्हर खोटे बोलत नव्हता. तो स्टिअरिंगला नकळत जी दुरुस्ती देत होता, तिची त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. त्या अहवालावर ‘दुर्लक्ष करावे’ असा शेरा मारणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा विषय मला जरा झोंबतो.

आपल्याला एक विनंती आहे. शर्यतीच्या निकालाच्या चौकटीत विजेता आणि गुण यांच्यासोबत प्रत्येक संघातील दोन ड्रायव्हरांच्या पात्रता फेरीतील वेळांचा फरकही छापावा. एका ओळीची जागा लागेल, आणि तो फरक कोणत्या शर्यतीपासून वाढू लागला हे वाचकांना स्वतःच पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त वाहन अभियंता,
कोथरूड, पुणे