काका, त्या तीन चेटकिणींबद्दल आभार

ति. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि विषय लोकलच्या गर्दीवर नेता. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. नाव घातलेलं नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. डोंबिवलीत लायब्ररी चालवणारे काका पुष्कळ असतील. पण अमेरिकन कॉमिक्सचं अख्खं कपाट ठेवून ते दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे दडवणारे तुम्ही एकटेच असाल असा माझा अंदाज आहे.

मार्व्हलचं ‘विचेस’ मी तुमच्याकडूनच नेलं होतं. २००४ साली चार अंकांत आलेली मालिका, तिचं एकत्र पुस्तक. लेखक ब्रायन पॅट्रिक वॉल्श, चित्रं माइक डिओडाटो आणि विल कॉनरॅड यांची. वर मोठ्या अक्षरांत ‘खंड १’. दुसरा खंड कधी निघालाच नाही, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतंत तर मी पुस्तक तिथेच ठेवलं असतं, आणि तुम्हाला ते नकोच होतं, हे आता कळतं.

कल्पना ऐकून कोणीही भुलेल. जादू जाणणाऱ्यांच्या जिवावर उठलेला हेलफायर नावाचा प्राचीन राक्षस मोकळा सुटला आहे, आणि त्याला आवरायला मार्व्हलचा मांत्रिक डॉक्टर स्ट्रेंज तीन चेटकिणींना एकत्र आणतो. जेनिफर केल, फ्लोरिडाच्या दलदलीकाठी वाढलेली. सटाना, खुद्द सैतानाची लेक, आत्मे हे जिचं अन्न. आणि टोपाझ, दुसऱ्याच्या मनातलं दुःख स्वतःवर ओढून घेणारी. तिघींचे स्वभाव इतके वेगळे की त्यांना एका खोलीत बसवून चहा दिला तरी गोष्ट व्हावी. मी पुस्तक एका बैठकीत संपवलं आणि हाती काही लागलं नाही. तिघी भांडतात, पण त्या भांडणाला कारण नाही. एका म्होरक्याने गोळा केलेल्या गटातले सुपरहिरो भांडतातच, म्हणून भांडतात. संवादांवरची नावं झाकली तर कोण बोलतंय ते ओळखता येत नाही. राक्षस मोठा आहे, दातांचा आहे, आणि त्याला काय हवंय याची भीती एकदाही वाटत नाही. चित्रात तिघी सतत कॅमेऱ्यासमोर उभ्या असल्यासारख्या. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि मागे जग पेटलंय त्याचा पत्ताच नाही.

पुस्तक परत करताना मी हे सगळं तुम्हाला ऐकवलं. ‘‘पैसे परत हवेत की भांडायला आलीस?’’ असं तुम्ही विचारलंत. मी भांडायला असं म्हटल्यावर स्टूल पुढे सरकवलंत. त्या दुपारसाठी हे पत्र.

माझ्या ओळखीतल्या वाचकांचे दोन प्रकार आहेत. एकाला काही आवडलं नाही म्हटलं की तो म्हणतो, कॉमिकच ते, एवढं काय. दुसरा म्हणतो, तुला कळलं नाही. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. पुस्तक वाईट आहे हे तुम्ही लगेच मान्य केलंत आणि विचारलंत, ‘‘या तिघींना तू आधी कुठे भेटली होतीस?’’ कुठेच नाही. तेव्हा तुम्ही कपाटाच्या खालच्या फळीवरून मार्व्हलचे जुने अंक पुन्हा छापणाऱ्या ‘एसेन्शियल’ मालिकेतले जाडजूड, वर्तमानपत्राच्या कागदावर छापल्यासारखे काळे-पांढरे खंड काढलेत. दलदलीतला राक्षस मॅन-थिंगचा, वेअरवुल्फचा म्हणजे मानवी लांडग्याचा आणि ‘मार्व्हल हॉरर’चा. डिपॉझिट न घेता. लायब्ररीचा नियम तुम्हीच लिहून भिंतीवर चिकटवलेला होता, त्याच्याकडे पाठ करून.

ते खंड वाचायला मला पावसाळा लागला, आणि मधे मधे तुमच्याकडे येऊन बसावं लागलं, कारण बरीच कोडी होती. सगळ्या चेटकिणी, वेताळ, लांडगे १९७२ ते १९७४ याच काळात का उगवले? अमेरिकेत कोणती साथ आली होती? तुम्ही सांगितलंत ते कॉमिक्स कोडचं. १९५४ साली प्रकाशकांनीच नेमलेल्या या आचारसंहितेने रक्तपिपासू, चालती प्रेतं, नरभक्षक, मानवी लांडगे यांना सरसकट बंदी घातली होती. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसला तर विक्रेते अंक ठेवत नसत. १९७१ साली नियम सैल झाले. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांच्या अभिजात परंपरेला धरून असतील तर पिशाच्चं आणि मानवी लांडगे चालतील असं ठरलं. झोंबींना मात्र तेव्हाही प्रवेश नव्हता, म्हणून मार्व्हलने त्यांना ‘झुवेंबी’ असं नाव देऊन मागच्या दाराने आत घेतलं. यावर तुम्ही इतके हसलात की बाहेर वर्तमानपत्र चाळणारे आजोबा डोकावून गेले.

आणि लेखक मार्व्ह वुल्फमनचा तो किस्सा! कोडच्या बंदीच्या काळात डीसी या दुसऱ्या प्रकाशनाच्या एका भयकथेत निवेदक म्हणतो, ही गोष्ट मला एका भटक्या वुल्फमनने, म्हणजे शब्दशः लांडगामाणसाने, सांगितली. परीक्षकांनी आक्षेप घेतला, लांडग्याचा उल्लेख नको. उत्तर गेलं, तो लांडगा नव्हे, लेखकाचं आडनाव आहे. मग हुकूम आला, तसं असेल तर लेखकाचं नाव छापा. पुढे याच वुल्फमनने माइक प्लूगबरोबर ‘वेअरवुल्फ बाय नाइट’च्या तेराव्या अंकात, जानेवारी १९७४ मध्ये, टोपाझला जन्माला घातलं. मांत्रिकाने पोसलेली, त्याच्या कामासाठी राबवलेली ही मुलगी लांडग्याला मारत नाही, शांत करते. मला ती तिघींत सगळ्यात निमूट वाटायची. मूळ अंक वाचल्यावर कळलं की निमूटपणा हा तिचा स्वभाव नव्हे. ज्या घरात ती वाढली तिथला नियम आहे. २००४च्या पुस्तकात तोच निमूटपणा आहे, फक्त त्याच्या मागचं घर गायब.

जेनिफरचंही तसंच. स्टीव्ह गर्बर आणि रिच बकलर यांच्या ‘फिअर’च्या अकराव्या अंकात, १९७२ साली, ती पहिल्यांदा येते तेव्हा शाळकरी वयाची आहे. आजोबांचा जुना ग्रंथ ती आणि तिचा धाकटा भाऊ अँडी काढतात, मंत्र म्हणतात आणि राक्षस येऊन उभा राहतो. झेरेड-नाचा तोच ग्रंथ ‘विचेस’मध्येही कथेच्या मध्यभागी आहे. पण गर्बरच्या गोष्टीत त्या ग्रंथाला घरातल्या वस्तूचं वजन होतं. आजोबांनी लपवलेली, नातवंडांनी शोधलेली. तिच्या मनाचा धागा दलदलीतल्या त्या मुक्या, चिखलाच्या मॅन-थिंगशी जुळतो. त्याला विचार नाही, फक्त दुसऱ्यांच्या भावना जाणवतात, आणि भीती वाटणारा माणूस त्याच्या स्पर्शाने जळतो. असा प्राणी जिचा पहिला सोबती, त्या मुलीला तीस वर्षांनी ग्रंथ सांभाळणारी सोनेरी केसांची ताई करून टाकणं मला झेपलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘‘गर्बरला विनोद कळायचा, म्हणून त्याची भीती खरी वाटते.’’ हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलं आहे. याच गर्बरने ‘फिअर’च्या एकोणिसाव्या अंकात, जेनिफरच्याच गोष्टीच्या ओघात, हॉवर्ड नावाचं बदक आणलं, हेही तुम्ही पान उघडून दाखवलंत.

पण तुमचे खरे आभार सटानासाठी. ती आली १९७३ साली, ‘व्हॅम्पायर टेल्स’च्या दुसऱ्या अंकात, रॉय थॉमस आणि जॉन रोमिटा यांच्या हातून. हे मोठ्या आकाराचं काळं-पांढरं नियतकालिक. मासिक म्हणून विकलं जात असल्याने कोडच्या कक्षेबाहेर. वॉरेन प्रकाशनाने ही पळवाट साठच्या दशकातच शोधली होती, ‘क्रीपी’ आणि पुढे ‘व्हॅम्पिरेला’ काढून. मार्व्हल मागून आलं. बाकी कथांचे मूळचे रंग ‘एसेन्शियल’मध्ये गेलेले असतात आणि चित्रं पोपडे उडालेल्या भिंतीसारखी उघडी पडतात, पण सटानाच्या गोष्टी मुळातच शाईत विचार करून काढलेल्या. स्पॅनिश चित्रकार एस्तेबान मारोतोने तिसऱ्या अंकात तिचे केस आणि धूर एकाच रेघेने काढलेत. ते पान तुम्ही ट्यूबलाइटखाली धरलंत आणि म्हणालात, ‘‘इथे ती उभी नाहीये, बघतेय.’’ त्याच टेबलावर डिओडाटोचं पान उघडलंत. शरीर तितकंच देखणं, शरीरशास्त्र तर जास्तच पक्कं. पण तिथे सटाना आपल्याकडे बघते, गोष्टीतल्या कुणाकडे नाही. चित्रं बघायची म्हणजे पात्राची नजर कुठे जाते ते बघायचं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग १९७९च्या ‘मार्व्हल टीम-अप’चा ८१वा अंक. लेखक ख्रिस क्लेअरमाँट. शापाने डॉक्टर स्ट्रेंजच लांडगा झालेला आहे आणि त्याला सोडवण्यासाठी सटाना आपला जीव देते. सैतानाची लेक, आत्मे खाणारी, आणि ती एका माणसासाठी मरते. कडेला स्पायडर-मॅन उभा, त्याला यातलं फारसं काही कळत नाही, तेही बरोबरच. हे वाचून मी ‘विचेस’ पुन्हा उघडलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरा राग आला. आधी होता तो कंटाळा. हा पुरुष या बाईच्या जिवावर उभा आहे! मेलेली ती पुढे परत आली की तो तिला पुन्हा कामाला बोलावतो, आणि त्या ऋणाचं ओझं दोघांच्याही खांद्यावर मला दिसलं नाही. डॉक्टर स्ट्रेंजने तिच्या नजरेला नजर देण्याचं टाळावं, एवढी एक चौकट पुरली असती. तिने त्याचा फायदा उठवावा, हे तर आणखी मजेचं झालं असतं. राक्षसाची गरजच नव्हती.

पुस्तक फसलंय हे मला आधीच माहीत होतं. कुठे फसलंय ते तुमच्यामुळे बोट ठेवून सांगता आलं. याचा उपयोगही लगेच झाला. आमच्या वाचकगटात मला बायकांच्या सुपरहिरो टोळ्यांवर बोलायचं होतं आणि मी ‘विचेस’बद्दल ‘कंटाळवाणं’ एवढंच टिपून ठेवलं होतं. त्याऐवजी मी ८१व्या अंकातलं आणि ‘विचेस’मधलं अशी दोन पानं शेजारी शेजारी लावली आणि तासभर बोलले. ज्यांनी आयुष्यात मार्व्हल उघडलेलं नाही त्या बायकाही सटानाच्या बाजूने भांडल्या. एकीने तर विचारलं की तिने डॉक्टरला फी लावली का नाही. श्रेय मी तिथे तुम्हाला दिलं, पण तुम्ही ऐकायला आला नव्हतात; शनिवारी संध्याकाळी लायब्ररी बंद ठेवणं तुम्हाला जमत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत, तिचा उल्लेख राहू नये. तक्रार संपल्यावर तुम्ही मला तिथेच सोडलं नाहीत. सटाना पुढे २०११च्या सुमाराला ‘थंडरबोल्ट्स’ या टोळीच्या मालिकेत येते ते अंक दिलेत. जेफ पार्करने तिला तिचा खवचटपणा परत दिला आहे, आणि मॅन-थिंगही त्याच टोळीत आहे. ‘मार्व्हल झोंबीज ४’मध्ये जेनिफर भेटते, तेही तुमच्याकडूनच कळलं. टोपाझच्या वाट्याला मात्र अजून तसं काही आलेलं माझ्या वाचनात नाही. तुमच्या कपाटात असेल तर दडवू नका. आणि १९७६चा ‘मार्व्हल प्रीव्ह्यू’चा सातवा अंक, ज्याची मुख्य कथा सटानाची आणि मागच्या गोष्टीत तो बंदूकवाला रॅकून रॉकेट पहिल्यांदा दिसतो, तो मूळ अंक तुम्हाला कुठे मिळाला तर पहिला फोन मला. सिनेमामुळे त्या रॅकूनपायी लोक हा अंक भलत्या किमतीला घेतात आणि मुखपृष्ठावरच्या बाईकडे बघतही नसतील, याचं दुःख आपल्या दोघांना सारखंच आहे.

वेताळाचे आणि मँड्रेकचे इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्या माणसाने ‘मांत्रिक एकटाच बरा, त्याची टोळी केली की बिघडते’ असं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण ते मला मान्य नाही, आणि डिओडाटोला तुम्ही इतकं सहज माफ करता तेही नाही. चांगला चित्रकार वाईट पटकथेत अडकला, असं तुमचं म्हणणं. मी म्हणते, नजर कुठे वळवायची हे पटकथा सांगत नाही, ते त्याच्या पेन्सिलीत हवं होतं. मारोतोचा खंड आणि ‘विचेस’ दोन्ही घेऊन रविवारी येते. स्टूल मोकळं ठेवा. आणि या वेळी डिपॉझिट घ्या.

तुमची सभासद,
जिच्या नावावर वेअरवुल्फचा खंड अजून थकीत आहे ती