जप्त चंदन वेळेत विका: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

चंदनचोर पकडले की गोण्यांमागे उभ्या पथकाचा फोटो छापून येतो. त्या गोण्यांचे पुढे काय होते, ते कुठेच येत नाही. बहुतेकदा त्या मुद्देमालाच्या खोलीत जातात आणि खटला निकाली निघेपर्यंत तिथेच पडून राहतात.

जप्तीतले सगळेच विकावे, असे आमचे म्हणणे नाही. वाघाचे कातडे, खवल्या मांजराचे खवले, जिवंत तारा कासव यांचा बाजार सरकारनेही मांडता कामा नये. आसामने 22 सप्टेंबर 2021 रोजी बोकाखात येथे गेंड्यांची 2479 शिंगे जाळली, ते योग्यच केले. चंदनाचे तसे नाही. ते शेतात लावता येते आणि परवानगीने विकताही येते. जप्त माल अडवून ठेवल्याने एकही झाड वाचत नाही.

नुकसान मात्र होते, आणि ते वजनापासून सुरू होते. पंचनाम्यात ओल्या लाकडाचे वजन लिहिले जाते. एकूण वजनात 30 टक्के पाणी असलेला 100 किलो माल वाळून पाणी 12 टक्क्यांवर आले की जेमतेम 80 किलो भरतो. काडीही चोरीला न जाता 20 किलोंची तूट! काही वर्षांनी न्यायालयात गोणी उघडते, बचावाचे वकील त्या तुटीवर बोट ठेवतात आणि चौकशी लागते ती वनरक्षकाची. उलट खरोखरच कोणी दोन ओंडके लांबवले, तर तेही ‘वाळून कमी झाले’ या शेऱ्याखाली खपून जातात. म्हणून पंचनाम्यात नुसते किलो नकोत. प्रत्येक नगाची लांबी, मधला घेर, ओलावामापकाचे वाचन आणि दोन्ही टोकांचे फोटो हवेत. सुवासिक गाभा, बाहेरचे बिनवासाचे पांढरे लाकूड आणि ढलप्या वेगवेगळ्या तोलाव्यात, कारण खरी किंमत गाभ्याचीच असते.

पुराव्यासाठी अख्खा ढीग राखायची गरज नाही. प्रत्येक ओंडक्याची बोटभर जाडीची चकती कापून मोहोरबंद करावी, ढलप्यांचा नमुना घ्यावा आणि लाकडाच्या ओळखीबद्दल वाद असेल तर बंगळूरच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे पाठवावा. बाकीचा माल आगारात नेऊन ई-लिलावाने विकावा आणि रक्कम निकालापर्यंत स्वतंत्र खात्यात ठेवावी.

याला कायद्याची आडकाठी नाही. भारतीय वन अधिनियमाचे कलम 58 लवकर नासणाऱ्या मालापुरते आहे, चंदन त्यात बसवणे कठीण, हे खरे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 नुसार न्यायालयापुढे आलेल्या मालाची यादी 14 दिवसांत करायची, फोटो-चित्रीकरण करायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा असतो. यादी आणि फोटो पुरावा म्हणून चालतात. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी माल हजर करतानाच तसा अर्ज जोडावा. वन अधिनियमाच्या कलम 61-अ खाली सरकारजमेची कारवाई आपलेच अधिकारी करतात. तिथेही हीच मुदत परिपत्रकाने घालून द्या.

शेतकऱ्याचे दुखणे निराळे आहे. बांधावरचे झाड रात्रीत कापले जाते, माल पुढे कुठेतरी पकडला जातो. आणि वन अधिनियमाचे कलम 69 म्हणते की, उलट सिद्ध होईपर्यंत वनोपज सरकारचे. म्हणजे झाड ज्याचे गेले, त्यानेच ते आपले असल्याचे सिद्ध करत फिरायचे. चोरीची तक्रार येताच वनपालाने जागेवर जाऊन उरलेल्या बुंध्याची चकती घेतली, गट क्रमांक आणि सातबारा जोडला, तर जप्त ओंडक्याच्या बुडाशी ती जुळवून पाहता येते. पण बुंधा उन्हात तडकतो, काही वेळा चोर पुन्हा येऊन मुळेही खणून नेतात. त्यामुळे हे काम दोन दिवसांत व्हायला हवे. जुळले तर लिलावाची रक्कम शेतकऱ्याला मिळावी.

सर्वांत मोठा धोका विक्रीनंतरचा आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. लिलावात 200 किलो घेणाऱ्याच्या हातात अस्सल कागद येतो. माल संपला तरी कागद उरतो, आणि त्याच कागदावर चोरीचे पुढचे 200 किलो खपवता येतात. यासाठी वाहतूक परवाना क्यूआर संकेताचा आणि एकाच फेरीचा हवा. खरेदीदाराचा साठा ऑनलाइन असावा आणि प्रत्येक विक्रीबरोबर शिल्लक कमी व्हावी. तेल काढणाऱ्यांचा हिशेब तर सहज ताडता येतो: चांगल्या 100 किलो गाभ्यातून ढोबळमानाने 5 किलो तेल निघते. तेवढ्याच गाभ्यावर कोणी 20 किलो तेल विकल्याची बिले दाखवत असेल, तर उरलेले लाकूड कुठून आले, हे त्याला विचारा. शिल्लक शून्यावर आली की परवाना रद्द व्हावा.

सुरुवातीला एकच आदेश काढावा: प्रत्येक वनविभागाने आपल्या ताब्यातील जप्त चंदनाची यादी, म्हणजे गुन्हा क्रमांक, जप्तीची तारीख, तेव्हाचे वजन आणि आज काट्यावर भरणारे वजन, 60 दिवसांत विभागाच्या संकेतस्थळावर टाकावी.

आपले,
चंदन लावणारे शेतकरी आणि वनगुन्ह्यांचे काम पाहणारे वकील