मंत्रीमहोदय, माझी मुलगी हल्ली तोंडावर हात ठेवून हसते

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

तुमचं नाव आणि खातं मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की लोक दोन मिनिटांत पक्षावर घसरतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. पण तुम्हाला कळेल हे पत्र तुम्हालाच आहे. पिक्चरच्या सत्काराच्या कार्यक्रमात तुम्ही माझ्या मुलीच्या खांद्यावर शाल घातली होती आणि माईकवर म्हणाला होतात, "ही आपल्या घरातली लेक आहे, हिला कुणी त्रास दिला तर आम्ही बसलोय." मी तिसऱ्या रांगेत होते. खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

काल दुपारी सव्वातीनला मोबाईलवर मेसेज आला की माझ्या मुलीच्या खोट्या, घाणेरड्या व्हिडिओबद्दलची आमची तक्रार बंद करण्यात आली आहे. एवढंच. का बंद केली, कुणी केली, तो व्हिडिओ टाकणारा सापडला का, काही नाही. ४१ दिवस आम्ही वाट बघत होतो. मी वर्गात होते, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवत होते, खडू हातातच राहिला.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही पिक्चर पूर्ण बघितला असेल असं मला वाटत नाही, सत्काराच्या दिवशी तुम्ही नावही चुकीचं घेतलं होतं. पिक्चर साधा आहे. रॉम-कॉम म्हणतात तसला. दोन भांडकुदळ पोरं, एक नको असलेलं स्थळ, गैरसमज, धो धो पाऊस आणि शेवटी गोड. माझी मुलगी त्यात हिरॉइन आहे, पहिलाच पिक्चर, वय १९, एकांकिका करता करता ऑडिशनला गेली आणि निवडली गेली. साखरपुड्यात सगळे गंभीर उभे असताना हिरोची पॅन्ट उसवते आणि हिला हसू आवरत नाही, असा एक सीन आहे. दिग्दर्शक म्हणाले खोटं हसू नको, आपण थांबू. चौदा टेक झाले, रात्रीचे दोन वाजले, मी कोपऱ्यात खुर्चीवर पेंगत होते. पंधराव्याला लाइटवाल्या दादांचा पाय वायरीत अडकला, ते धपकन बसले आणि ही जी खळखळून हसली ती थांबेचना. तोच टेक ठेवला. थिएटरात त्या जागी अख्खं पब्लिक तिच्याबरोबर हसायचं, मी सहा वेळा जाऊन बघितलंय.

त्याच हसण्यावर घाव घातला लोकांनी. तिचा डावीकडचा सुळा थोडा पुढे आलेला आहे, लहानपणापासून आहे, आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. कुणीतरी तो सीन थांबवून, झूम करून, दाताभोवती लाल गोल काढून रील टाकलं. झालं. मग रंग. मग नाक. मग "हिला घेतलं कुणी", "कुणाच्या ओळखीने आली", "कितीला" असलं सगळं. मग आडनावावरून जात काढायला बसले, आणि जात काढून झाल्यावर दोन्हीकडचे लोक तिच्याच फोटोखाली एकमेकांना शिव्या घालायला लागले, त्यात तिचा संबंध काय देवाला ठाऊक. एका रात्री मी कमेंट्स मोजायला बसले, साडेसहाशेपर्यंत मोजल्या आणि फोन बंद केला. दहातल्या सात तरी घाण होत्या. लिहिणाऱ्यांच्या प्रोफाइलवर बघावं तर स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, देवाचे फोटो. हिरोला काय म्हणाले माहितीये? क्यूट. अभिनय जमला नाही तरी क्यूट आहे. त्याचं दुःख नाही, पोरगा गुणी आहे, त्याने दोनदा फोन करून चौकशी केली. पण त्याचे दात कुणी बघितले नाहीत.

पिक्चरवाल्यांनाही मी सोडणार नाही. दोघांचं खरंच काहीतरी चालू आहे ही अफवा बाहेरच्यांनी नाही उठवली, पब्लिसिटी बघणाऱ्या टीमनेच सोडली, दुसऱ्या आठवड्यात कलेक्शन पडायला लागलं म्हणून. मी विचारलं तर म्हणाले, "काकू, एवढं चालतं हो, पिक्चरला फायदा होतो." पिक्चरला झाला असेल. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या गेटवर मोबाईल घेऊन पोरं उभी राहायला लागली, "तो कुठंय गं तुझा" म्हणून ओरडत मागे यायला लागली, आणि चौथ्या सेमिस्टरचे दोन पेपर तिने दिले नाहीत कारण ती रिक्षातून उतरलीच नाही.

आणि मग तो व्हिडिओ आला. तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवलेला. मी जास्त वर्णन करणार नाही. माझ्याच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तो येऊन पडला, म्हणजे ज्यांची लेकरं मी रोज शिकवते त्यांच्या फोनमध्ये माझी मुलगी तशी दिसत होती. एकाने लगेच डिलीट केला आणि मला फोन करून रडला बिचारा. बाकीच्यांनी बघितला.

मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन तक्रार टाकली आणि पोलीस ठाण्यात गेले. तेव्हापासून सहा वेळा गेलेय. कुठलं ठाणं ते लिहीत नाही, तिथल्या दोन महिला अंमलदार खरंच चांगल्या वागल्या, त्यांना त्रास नको. पण पहिल्या दिवशी जे साहेब होते ते म्हणाले, "मॅडम, हिरॉइन आहे ना, मग एवढं होणारच, आणि कमेंटचं म्हणाल तर ते ६६ ए कधीच गेलं." गेलं, मान्य. ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणाऱ्याला शिक्षा देणारं आयटी ॲक्टचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ते कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पण ६६ ए गेलं म्हणून बाकीचा कायदा गेला का हो? त्याच आयटी ॲक्टमध्ये दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दलचं ६६ सी आहे, अश्लील मजकुराबद्दलचं ६७ आहे, लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या मजकुराबद्दलचं ६७ ए आहे. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ७८ पाठलागाचं आहे, बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली तर तेही त्यात येतं, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मी शिक्षिका आहे, वकील नाही. मला हे सगळं रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागून वाचावं लागलं कारण ज्यांनी मला सांगायला पाहिजे होतं ते सांगत नव्हते.

दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले आयटी ॲक्टचा तपास पीआय साहेबच करू शकतात, साहेब बंदोबस्ताला गेलेत. घरी येऊन बघितलं, नियम खरा आहे, इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला हा तपास करता येत नाही. म्हणजे कायदा केला, आणि तपासाला माणूस एकच ठेवला, आणि तो माणूस उभा केला रस्त्यावर, गाड्यांच्या ताफ्यासाठी. ताफा तुमचाच होता मंत्रीमहोदय. त्या दिवशी आमच्या भागात उद्घाटनाला तुम्ही आला होतात. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साहेब रजेवर. चौथ्यांदा स्क्रीनशॉटवर लिंक दिसत नाही म्हणून परत पाठवलं. पाचव्यांदा लिंक दिली तर व्हिडिओ त्या लिंकवरून उडालेला आणि दुसऱ्या नऊ ठिकाणी चढलेला.

२०२१ च्या आयटी नियमांत लिहिलं होतं की चेहरा चिकटवून असलं काही बनवलं असेल तर त्या व्यक्तीने तक्रार केल्यापासून २४ तासांत सोशल मीडिया कंपनीने ते काढलं पाहिजे, फेब्रुवारी २०२६ पासून तर ही मुदत दोन तासांवर आणलीय. दोन तास! आम्ही प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट केलं, मशीनचं उत्तर येतं की तपासून पाहिलं, आमच्या धोरणाचा भंग होत नाही. कुणी तपासलं? कुणाच्या डोळ्यांनी?

नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा असाच व्हिडिओ फिरला तेव्हा अख्खा देश हलला होता. अमिताभ बच्चन बोलले, केंद्रातले मंत्री बोलले, दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये आंध्रातून माणूस पकडून आणला. चांगलं केलं, अगदी योग्य केलं, त्या पोरीनेही काय कमी सोसलं नसेल. पण याचा अर्थ पकडता येतं ना? अडीच महिन्यांत दुसऱ्या राज्यात जाऊन माणूस शोधता येतो ना? मग माझ्या मुलीच्या वेळी काय झालं, ती एका छोट्या मराठी पिक्चरची हिरॉइन आहे म्हणून? आणि ज्या मुली कुठल्याच पिक्चरमध्ये नाहीत, ज्यांचे व्हिडिओ गावातल्याच कुणीतरी बनवलेत, त्यांच्या आयांनी कुणाला पत्र लिहायचं?

मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे, सरकार कसं हलतं ते मला आतून माहितीये. मनात आलं की सरकारला सगळं जमतं. आमच्या ग्रुपवर सकाळी साडेदहाला मेसेज पडतो, 'अत्यंत तातडीचे, माहिती आज बारापर्यंत सादर करावी', आणि आम्ही वर्ग सोडून ती भरतो, नाही भरली तर नोटीस. शौचालयांचे फोटो, झाडांचे फोटो, मतदार याद्या, सगळं वेळेत होतं. माझ्याकडून दीड तासात माहिती काढून घेणारं हेच सरकार माझी एक तक्रार ४१ दिवसांत वाचू शकत नाही? हे पत्र लिहिल्याबद्दल मला वर्तणूक नियमाखाली नोटीस येईल, मुख्याध्यापक बाईंनी तसं सांगितलंय. येऊ दे. २३ वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही मला, हा पहिला येऊ दे.

आणि गेल्या रविवारी तुम्ही एका कार्यक्रमात म्हणालात, "सिनेमात यायचं तर कातडी जाड लागते." कुणीतरी माझ्या मुलीबद्दलच विचारलं होतं, मी क्लिप बघितली. तीन महिन्यांपूर्वी आम्ही बसलोय म्हणालात, आता कातडी जाड करा म्हणता. १९ वर्षांच्या पोरीची कातडी किती जाड असायला पाहिजे, सांगा ना.

दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली तारामती करायला बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली, हे तुम्हीच त्या सत्कारात भाषणात सांगितलंत. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात उभ्या राहिल्या, लोक काय म्हणतील ते म्हणोत म्हणून. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली. तेव्हा गल्लीतले लोक बोलायचे, आता लाखो लोक खिशातून मोबाईल काढून बोलतात, एवढाच फरक पडलाय.

लहान कलाकारांसाठी नियम आहेत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, कमाईतले २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत. चांगले नियम आहेत. पण पिक्चर लागल्यानंतर काय? रिलीजच्या दिवशी सगळ्यांची जबाबदारी संपते. नव्या मुलीबरोबर करार करताना निर्माता प्रमोशनचे दिवस लिहून घेतो, किती रील, किती इंटरव्ह्यू, कुठल्या शहरात कधी. असं काही झालं तर वकील कोण देणार, तक्रार कोण करणार, डॉक्टरचा खर्च कोण करणार, याची एक ओळ नव्हती आमच्या करारात. मी तीनदा वाचलाय तो. केरळात २०१७ मध्ये मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांना काय सोसावं लागतं ते बघायला न्यायमूर्ती हेमा समिती नेमली, अहवाल २०१९ च्या डिसेंबरात दिला, लोकांना वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांवर तो पडून होता. तरी त्यांनी निदान बायकांना बसवून विचारलं तरी. आपल्याकडे विचारलंय का कुणी? चित्रनगरी आपल्याकडे, पुरस्कार आपल्याकडे, शाली आपल्याकडे.

माझी मुलगी आता बरी आहे असं मी सगळ्यांना सांगते. ती जेवते, झोपते, आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमकडे जाते. परवा तिचा मामेभाऊ आला होता, त्याने शाळेतली कसली तरी गंमत सांगितली आणि तिला हसू आलं. हसू फुटायच्या आधी हात तोंडावर गेला. पटकन, सवयीने, तिला कळलंही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चौदा टेक रात्री दोनपर्यंत जागून ज्या हसण्यासाठी सगळं युनिट थांबलं होतं, ते हसणं आता माझ्या घरात मला दिसत नाही. डॉक्टरकडे जाऊन दात सरळ करून घेऊ का आई, असं तिने विचारलं. मी नाही म्हणाले. बरोबर केलं का मला माहीत नाही.

मला तुमच्याकडून शाल नको, फोन नको, घरी भेट नको, कॅमेरे घेऊन तर मुळीच येऊ नका. तक्रार परत उघडा आणि एफआयआर नोंदवा, दखलपात्र गुन्हा असेल तर तो नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय. त्या नऊ लिंक बंद करा. निर्मात्यांच्या करारात मी म्हणते ती ओळ सक्तीची करा. आणि आयटी ॲक्टचा तपास करणारे अधिकारी बंदोबस्ताला काढू नका, निदान तुमच्या बंदोबस्ताला तरी नको.

सोमवारी शाळा सुटल्यावर साडेपाच वाजता मी सातव्यांदा ठाण्यात जाणार आहे. पेन ड्राइव्ह, लिंकांची प्रिंट, तक्रारीचा नंबर आणि या पत्राची प्रत सगळं बरोबर असेल. पीआय साहेब त्या दिवशी जागेवर असतील एवढं बघा.

आपली,
तुम्ही शाल दिलेल्या मुलीची आई