मालगुंडचा रस्ता

रत्नागिरी
चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रुग्णांसाठीच्या त्या सायकलफेरीचे पाच हजार मीच भरतो, तू या वयात कशाला सायकल चालवतेस?" तेव्हा दूध उतू जात होतं म्हणून विषय टाळला. नीट सांगायचं तर लिहायलाच हवं.

रविवारी गेले, मालगुंडपर्यंत आणि परत. पहाटे साडेपाचला मारुती मंदिरापाशी दीड-दोनशे सायकली जमल्या होत्या, थेट कोल्हापूरहूनही लोक आले होते. माझी म्हणजे तुझीच दहावीतली सायकल. माळ्यावरून काढली तेव्हा खाऱ्या हवेने चेन पार गंजली होती, ती बदलून घेतली. महिनाभर वही घेऊन आळीत फिरले होते, मी चालवीन त्या किलोमीटरला दहा रुपये, ज्याला जमेल त्याने द्यावे. आपली मासळीवाली पदराला हात पुसत पन्नासची नोट काढून म्हणाली, "नाव नको लिवू, बाय."

हे पैसे डायलिसिसच्या रुग्णांना मिळतात, पण उपचाराला नव्हे, भाड्याला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 साली सुरू झाला, तेव्हापासून जिल्हा रुग्णालयात गरिबांना हे उपचार मोफत मिळतात, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. पण माणसाला आठवड्यातून तीनदा तिथवर पोचावं लागतं. चार तास मशीनवर, मग पुन्हा घर. गणपती असोत, शिमगा असो, पाऊस कोसळत असो, खाडा चालत नाही. सोबतीला कोणीतरी लागतंच, म्हणजे दोघांचं भाडं, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळी. खेड्यातला माणूस तीनाचे दोन वेळा करतो, दोनाचा एक करतो, आणि अंगात पाणी साठून एक दिवस श्वासच लागतो.

दादामामाचं दोन वर्षं हेच चाललं होतं. मालगुंड ते रत्नागिरी, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, आठवड्याला दीडशे. मी इथे शहरात, डबा घेऊन दहा मिनिटांत त्याच्याजवळ पोचायचे. त्याच्या डाव्या हातावर फिस्टुला होता, डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेला, आठवतो? त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. ती गुरगुर हाताला लागली की मी म्हणायचे, चला, बरं चाललंय. मी फक्त पोचलेला दादा बघितला रे. घरून निघणारा आणि घरी परतणारा दादा एकट्या तुझ्या मामीने बघितला.

साखरतरच्या खाडीवर गार वारा लागला, तोवर मजेत होते. आरे-वारेचा चढ सुरू झाला. पुढचा लहान गिअर टाकायला गेले आणि चेन पडली. एका बाजूला कापलेला जांभा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मी चेनीकडे बघत उभी. चिपळूणची एक मुलगी थांबली. तिने मागचा गिअरचा हात पुढे ढकलून चेन ढिली केली, चक्राच्या खालच्या दातांवर तिचे चार दुवे बसवले आणि पॅडल उलटं फिरवलं. खट्‌कन बसली. तिचे हात काळेकुट्ट झाले, ते तिने रस्त्याकडेच्या वाळक्या गवताला पुसले आणि निघूनही गेली. नाव विचारायचं राहिलं.

पुढे शंभर पावलांवर माझ्या पोटरीत गोळा आला. उतरले आणि चालत चढ काढला. डायलिसिस झालं की दादाचा बीपी उतरायचा, दोन्ही पोटऱ्यांत असेच गोळे यायचे, आणि त्या अवस्थेत एसटीच्या खिडकीला डोकं टेकून तो ही वळणं घ्यायचा. मला उतरता आलं, त्याला कुठे उतरता येत होतं!

नेवऱ्याला पाण्याचा स्टॉल होता. मीठ घातलेलं कोकम सरबत, केळी, चिक्की. पोरं उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेत होती. दादाचं पाणी मोजलेलं असायचं. मामी सकाळी एक बाटली भरून ठेवायची, दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा आणि आमटीही त्याच हिशोबात. केळं नाही, शहाळं नाही, हापूसची एक फोड. पोटॅशियम वाढलं की हृदयाला धोका. आणि माणूस माडांच्या बागेत जन्मलेला.

मालगुंडला एसटीच्या थांब्यावरून मागे वळायचं होतं. तिथे मामी उभी. हातात कोयती, पुढ्यात शहाळ्यांचा ढीग. मी येणार हे तिला सांगितलंच नव्हतं, ती येणाऱ्या प्रत्येकाला फोडून देत होती. मला बघून जरा थांबली, मग एक फोडलं आणि हातात दिलं. "पी गो. विहिरीकडच्या माडाचं आहे. ते म्हणायचे, माझ्यासमोर कोणी फोडू नका."

पहिला घोट गिळवेना. मग उभ्यानेच सगळं प्यायले. तिने शहाळं दुभंगून सालीच्या कपच्याने मलई काढून दिली, आणि थांब्यातल्या बाकाचं टोक दाखवलं, जिथे तो बसायचा. सहाची गाडी चुकू नये म्हणून पाचलाच येऊन बसायचा म्हणे. हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, दादा, किती वाजता उठतोस?

परतीचं विशेष काही नाही. ऊन चढलं, साडेअकराला पोचले. आज पाय भरून आले आहेत, पण चालते-फिरते आहे, काळजी करू नकोस.

तुझे पाच हजार जरूर पाठव, ते लागणारच आहेत. पण पुढच्या डिसेंबरात रजा काढून ये. चढावर माझ्यासाठी थांबावं लागेल, तेवढी तयारी ठेव. आदल्या रात्री मालगुंडला मामीकडे राहू, पहाटे थांब्यावर शहाळी उतरवायला तिला माणूस हवाच आहे. येताना 26 इंची दोन ट्यूब आण. इथे घेतलेली एक आजच बसली.

तुझी,
आई