मथळ्यातला ‘मतिमंद’

महोदय,

एका नेत्याने विरोधकाला ‘मतिमंद’ म्हटल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर होती, आणि तो शब्द मथळ्यात, ठळक टाइपात. बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

कॉलेजातली मुले हल्ली एकमेकांना सर्रास ‘मोरॉन’, ‘रिटार्डेड’ म्हणतात. या शिव्या आधी डॉक्टरांच्या अहवालात होत्या. ‘मोरॉन’ हा शब्द १९१० मध्ये हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरून घडवला. मोठेपणीही ज्याची बुद्धी ८ ते १२ वर्षांच्या मुलाइतकी ठरवली गेली, तो मोरॉन. त्याखाली इम्बेसाइल, सर्वांत खाली इडियट. या पायऱ्यांवरून माणसांची आयुष्ये ठरली. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असे न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिले. त्यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन. तिला पाहून ‘ही नॉर्मल वाटत नाही’ असा शेरा मारला गेला, तेव्हा ती काही महिन्यांचे तान्हे बाळ होती! हीच मुलगी पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली. आठव्या वर्षी बिचारी गेली.

‘रिटार्डेड’ हा त्यानंतरचा सौम्य शब्द. त्याचीही शिवी झाली आणि २०१० मध्ये अमेरिकेने कायदा करून तो केंद्रीय कायद्यांतून काढला. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे) हालचालींवर ताबा नसलेल्यांना पूर्वी ‘स्पास्टिक’ म्हणत. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनच्या स्पास्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केले, कारण ‘स्पास्टिक’ म्हणून मुले एकमेकांना चिडवू लागली होती. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत काढलेल्या अशाच संस्थेनेही पुढे आपल्या नावातला तो शब्द सोडला.

‘नवा शब्दही उद्या शिवीच होणार, मग बदलायचा कशाला?’ असे सुशिक्षित माणसेही विचारतात. आमच्या शाळेच्या पाटीवर ‘मतिमंद’ होते. एका मुलाला जोडाक्षरांसकट वाचता येऊ लागले, तेव्हापासून त्याची आई रिक्षा कोपऱ्यावरच थांबवायची आणि त्याला मागच्या दाराने आणायची. पाटी बदलली आणि रिक्षा फाटकापर्यंत येऊ लागली. उद्या पाटीवरचा नवा शब्दही नासला तर पुन्हा बदलू.

नेत्याने अपमानास्पद शब्द वापरला, एवढे छापले तरी वाचकाला कळते. निदान मथळ्यात तरी तो शब्द घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विशेष शिक्षिका, मिरज